माझ्या स्टुडिओतले नातेवाईक

या लेखात कोणाचंही नाव येणार नाही. विसरले म्हणून नाही, मुद्दाम. एका नावापायी आमच्या घरात नऊ वर्षं जे चाललं, त्यानंतर कोणाचं नाव लिहायचं म्हटलं की माझा हात थांबतो. आणि धंदा तर माझा नावं लिहिण्याचाच आहे. अमरावतीत एका छापखान्यात मी लग्नपत्रिकांचं डीटीपी करते, म्हणजे मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करून नीट मांडून देते.

पत्रिकेत नवरा-नवरीची नावं हा सगळ्यात बिनकामाचा भाग असतो. ती कोणी वाचत नाही. माणूस पत्रिका हातात घेतो, आधी स्वतःचं नाव शोधतो, मग ते कोणाच्या खाली आहे ते बघतो, आणि चष्मा काढून म्हणतो, "बरं हाये." आमच्याकडे हे "बरं हाये" म्हणजे बरं नाही. भातकुलीच्या एका गृहस्थांनी माझ्याकडून पाच वेळा प्रूफ काढून घेतलं होतं, कारण दोन जावई एकाच ओळीत होते आणि दोघांनाही डावी बाजू हवी होती. शेवटी मी एकाला वर आणि एकाला डावीकडे टाकलं. दोघंही लग्नाला आले, दोघंही जेवले नाहीत.

चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून पत्रिका नसतात, म्हणून मी रिकामी असते. गेल्या वर्षी माझं स्वतःचं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षातलं. होणाऱ्या नवऱ्यानं माझ्या लॅपटॉपवर एक गेम टाकून दिला. सिनेमाचा स्टुडिओ चालवायचा गेम. "तुला सिनेमाचा नाद आहे ना," म्हणाला. नाद आहे हे खरं. तो मामांनी लावला. मी अकोल्याला त्यांच्या घरी राहून तीन वर्षं डिप्लोमा केला, तेव्हा दर रविवारी मामा, मामी आणि मी मॅटिनीला जायचो.

गेम असा, की आपल्याला एक मोकळी जागा मिळते. तिथं इमारती बांधायच्या, सेट लावायचे. फाटकाबाहेर माणसं कामाच्या आशेनं रांग लावून उभी असतात. त्यातला एकेक माउसनं अलगद उचलायचा आणि जिथं पाहिजे तिथं नेऊन ठेवायचा. लेखकांच्या खोलीत ठेवला तर तो लेखक, कॅमेऱ्यामागे ठेवला तर कॅमेरामन. उचलल्यावर तो हवेत पाय झाडतो, पण तक्रार करत नाही. मला हे फार आवडलं. वऱ्हाडात आजवर एकाही माणसाला असं उचलून योग्य जागी ठेवता आलेलं नाही.

त्या माणसांना आपल्या मनासारखी नावं देता येतात. दुसरं काय सुचणार? मी नातीच टाकली. थोरले काका दिग्दर्शक, कारण ते तसेही सगळ्यांना कुठं उभं राहायचं ते सांगतात. दोन्ही आत्या लेखक, कारण कोणाच्याही घरची गोष्ट त्यांना पुरी माहीत असते आणि नसली तर पुरी करता येते. बाबा कॅमेरामन, कारण ते बोलत नाहीत. मोठा भाऊ लाइटवाला, वहिनी मेकअपवाली. होणारा नवरा गर्दीत. त्यानं यावर थोडी नाराजी दाखवली, पण लग्नाआधीची नाराजी फार टिकत नाही. आणि हिरो म्हणजे मामा. हिरोईन मामी. मामींना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

आता मामांबद्दल सांगायला हवं. मामा म्हणजे आईचा एकुलता एक धाकटा भाऊ. झेडपीच्या शाळेत गुरुजी होते, आधी धारणीकडे, नंतर अकोला जिल्ह्यात, शेवटी हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. आईला ते "बाई" म्हणतात. म्हणत होते. मोठ्या भावाच्या लग्नापासून ते आईशी बोलत नव्हते.

ते असं झालं. भावाच्या लग्नाच्या वेळी मी सोळा वर्षांची होते. नुकतीच मराठी टायपिंग शिकले होते, म्हणून पत्रिका टाइप करायचं काम मोठ्या कौतुकानं माझ्याकडे आलं. आमच्या पत्रिकेत "मामेकूळ" असा एक मथळा असतो. त्याखाली आईच्या माहेरच्यांचं नाव. आम्हाला मामा एकच, त्यामुळे तिथं एकच ओळ. ती मला बारीक वाटली. माझे मामा आणि असे तळाशी? मी ती ओळ कापली, वर नेऊन मोठ्या अक्षरात चिकटवायची म्हणून. तेवढ्यात आईनं हाक मारली, दूध उतू चाललं होतं. मी दूध उतरवलं, परत आले, फाइल सेव्ह केली आणि पेन ड्राइव्ह छापखान्यात पाठवून दिला. चिकटवायचं राहून गेलं.

प्रूफ बाबांनी वाचलं. त्यांनी फक्त आपल्या बाजूची नावं वाचली.

आमच्याकडे पहिली पत्रिका देवापुढे आणि दुसरी मामाच्या घरी, तीही बहिणीनं स्वतः नेऊन द्यायची. आई आणि मी अकोल्याला गेलो. आईनं मामांना कुंकू लावलं, पत्रिका हातात दिली. मामांनी चष्मा लावला. पत्रिकेत "मामेकूळ" होतं, पुढे दोन टिंबं होती, आणि त्याखाली सरळ जेवणाची वेळ.

मामांनी मागची बाजू पाहिली. परत पुढची पाहिली. "बाई," ते म्हणाले, "माहं नाव काहून नाही?"

आईनं पत्रिका हातात घेतली, पाहिली. एवढा वेळ लागला की मी चिवड्यातले शेंगदाणे वेगळे करून ठेवले. मग ती म्हणाली, "माह्यानंच राहून गेलं रे."

"बरं हाये," मामा म्हणाले.

मी तिथंच बसले होते. तोंडात चिवडा होता. नंतर चिवडा संपला, तरी मी बोलले नाही. आईनं यादी लिहिली तेव्हाच घोळ झाला असं तिला वाटतंय, तर वाटू दे, असं मी ठरवून टाकलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात नऊ वर्षं पौर्णिमाच होती.

मामा भावाच्या लग्नाला आले नाहीत. भावाला मंडपात न्यायला कुठलातरी चुलतमामा ओढून आणावा लागला, त्यानं फेटाही उलटा बांधला होता. त्यानंतर मामांनी आईशी बोलणं टाकलं. माझ्याशी मात्र नाही. मी बारावी झाल्यावर त्यांनीच बाबांना फोन करून मला अकोल्याला बोलावून घेतलं. "भांडन तुह्या मायसंग हाये, तुह्यासंग थोडीच हाये," म्हणाले. मी तीन वर्षं त्यांच्या ताटात जेवले. मामी भाकरी वाढायच्या, मामा मला इंग्रजी स्पेलिंग विचारायचे, आणि मी रोज ठरवायचे की उद्या सांगू.

बहीण-भावाचं बोलणं बंद असलं तरी व्यवहार चालू होता, व्हॉट्सअॅपवर. मामींनी काढलेल्या नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये दोघंही होते. मामा रोज सकाळी सातला सुविचार टाकायचे, सगळ्यांसाठी. आई सात वाजून एक मिनिटानं गुलाबाचं फूल टाकायची, सगळ्यांसाठी. बाकी कोणी त्या सुविचारांकडे बघतही नसे. मामांना एकदा डेंग्यू झाला आणि तीन दिवस सुविचार आला नाही, तेव्हा आईनं बाबांना अकोल्याला पाठवलं, "सहज जाऊन या" म्हणून.

माझ्या लग्नाचं ठरलं तेव्हा मामा म्हणाले होते, "येईन. तुह्यासाठी येईन. मंडपात मीच नेईन तुले. तुह्या मायसंग बोलनार नाही, ते तू पाहून घे." आई एवढ्यावरही खूश होती. "येऊ तं दे," म्हणाली. "मंडपात आल्यावर थोबाडासमोर उभी राहीन मी." तिनं त्यांच्यासाठी धोतरजोडीही आणून ठेवली होती. मामा जन्मात धोतर नेसले नाहीत, पण ते तिला कोण सांगणार?

आणि अशात माझ्या स्टुडिओतले मामा रुसले.

त्या गेममध्ये हिरो रुसतो. सेटवर यायच्या ऐवजी आपल्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये दार लावून बसतो. त्याच्यावर क्लिक केलं की कारण लिहून येतं. हे गेमवाल्यांनी चांगलं केलं आहे. कारण आलं : दुसऱ्याची व्हॅन माझ्यापेक्षा मोठी आहे. दुसरा म्हणजे थोरले काका. मी मामांना मोठी व्हॅन दिली. मग त्यांना नवे कपडे हवे होते. तेही दिले, काऊबॉयच्या टोपीसकट. मग त्यांना मामींपेक्षा जास्त फॅन हवे होते. माझा सिनेमा अर्धवट पडलेला, आत्या नुसत्या बसून, आणि हे दार उघडेनात. माझं डोकंच फिरलं. मी मामांना उचललं आणि झाडूवाल्यांच्या खोलीत नेऊन ठेवलं. ते लगेच झाडू घेऊन बाहेर आले आणि गपगुमान सेट झाडू लागले. डोक्यावर काऊबॉयची टोपी तशीच.

मागं भाऊ उभा होता, मला दिसला नाही. त्यानं मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "मामांना शेवटी काम मिळालं."

भावाचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली, पण अक्कल अजून यायची आहे.

पाच-सहा जणांनी हसून घेतलं. थोरल्या काकांनी अंगठा दाखवला. मग स्क्रीनवर एक ओळ आली की मामांनी गट सोडला. आणि लगेच मला फोन. "झाडू माराची लाज नाही मले," मामा म्हणाले. "धारनीच्या शाळेत शिपाई नव्हता, म्या सोता वर्ग झाडले. पन गावाले दाखवाची काय गरज होती? एकदा नाव काढलं, आता नाव ठेवलं. तुले मंडपात न्याले दुसरा मानूस पाह्य." आणि फोन ठेवला. नंतर मी पंधरा वेळा लावला, उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आई फोन हातात घेऊन ओट्याजवळ उभी होती. सात वाजून पाच मिनिटांनी म्हणाली, "आता फूल कोनाले टाकू मी?" आणि भाजी चिरायला बसली. मला भावाचा गळा दाबावासा वाटला, पण आधी माझाच दाबायला हवा होता. लग्नाला एक महिना राहिला होता, माझी पत्रिका अजून छापायची होती, आणि मामेकुळाखाली नाव लिहायला माणूसच उरला नव्हता.

रविवारी मी लॅपटॉप घेऊन अकोल्याच्या एसटीत बसले. माझा बेत साधा होता. मामांना पुन्हा हिरो केलं होतं, नवा सिनेमा काढला होता, तो त्यांना दाखवायचा. मूर्तिजापूरपर्यंत मला वाटत होतं की हे जमेल. पुढे वाटेनासं झालं.

दार मामींनी उघडलं. मामा पेपर वाचत होते, ते वाचतच राहिले. मी टीपॉयवरचा कपबशीचा ट्रे सरकवला आणि लॅपटॉप उघडून ठेवला. "मामाजी, एक डाव पाहा. मग हाकला मले."

मामींनी खुर्ची ओढली. "मी तं पाहतो बाप्पा. माहं काम हाये त्यात."

सिनेमा तीन-चार मिनिटांचा होता. मामा घोड्यावरून येतात, मामी धान्याच्या कोठारात अडकलेल्या, मामा दार तोडतात. मामांनी पेपर हळूहळू खाली घेतला. "हे काय बोलून राहिले?" त्यांनी विचारलं. गेममधली माणसं तोंड हलवून नुसतंच बडबडतात, त्याला काही अर्थ नसतो.

"काहीच नाही. या लोकायले भाषा नाही."

"मंग बरं हाये. भांडन होत नसन."

"होते," मी म्हणाले.

सिनेमा संपला आणि श्रेयनामावली सुरू झाली. इंग्रजी अक्षरात, खालून वर सरकत. मामांनी चष्मा नीट केला आणि ती मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पस्तीस वर्षं ज्यानं हजेरी घेतली, त्याला नावांची यादी मनात वाचता येत नाही. "मामा. मामी. काका. मोठी आत्या. लहान आत्या. बाबा. दादा. वहिनी. हा कोन? जावई? गर्दीत काहून टाकला त्याले? बरं." नावं संपली, पडदा काळा झाला. मामा तसेच बघत राहिले.

"एक गैरहजर हाये," ते म्हणाले.

"कोन?"

"बाई."

खरोखर, आई माझ्या स्टुडिओत नव्हती. सगळा गोतावळा उचलून उचलून आत ठेवला, ज्या आत्याचं मला तोंड बघावंसं वाटत नाही तिलाही खोली दिली, आणि आई मला सुचलीच नव्हती. चार महिने. तिच्या हातचा चहा पीत पीत मी हा गेम खेळत होते.

"ते... ती तर घरचीच..." मी म्हणाले.

"काखेत कळसा अन् गावाले वळसा," मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "बाईचं नाव नाही म्हंजे काय? तुही माय हाये ते! झाडू देला असता मले तं चाललं असतं, पन तिले फाटकाच्या आत तं घ्याचं होतं!"

नऊ वर्षं ज्या बहिणीशी हा माणूस बोलला नाही, तिच्या नावासाठी तो माझ्यावर ओरडत होता. मला रडू फुटलं. आणि रडता रडता मी सगळं सांगून टाकलं. ती ओळ मी कापली. वर न्यायची होती. दूध उतू चाललं होतं. आईचा काही दोष नाही, तिला माहीतही नाही, तिला अजून वाटतं की तिच्याकडूनच राहिलं.

मामी हातातला पदर तसाच धरून उभ्या राहिल्या. मामा उठले.

"तीन वर्सं," ते म्हणाले. "तीन वर्सं माह्या घरी जेवली तू. माह्यासमोर बसून. एक दिवस तोंड उघडता आलं नाही तुले? माह्या बहिनीसंगच्या नऊ दिवाळ्या वाया घातल्या म्या. नऊ भाऊबीजा! बह्याड पोट्टे!"

ते आत गेले. मी मामींकडे बघितलं. "कपडे बदलून राहिले," मामी हळूच म्हणाल्या. मामा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले, पायात चपला सरकवल्या आणि मामींना म्हणाले, "अमरावतीले जाऊन येतो." मला काहीच म्हणाले नाहीत. मी लॅपटॉप गोळा करून मागं धावले. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ते पुढं जाऊन एका पोत्यावाल्याशेजारी बसले. बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा मी पाण्याची बाटली नेऊन दिली. त्यांनी घेतली नाही.

तेव्हा मला कळलं की हे आता माझ्यावर रुसले. आईवरची नऊ वर्षं संपली आणि माझी सुरू झाली. महिन्यावर लग्न, मंडपात न्यायला कोणी नाही, आणि या वेळी दोष माझ्याच नावावर. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. दुसरं काय करणार?

घरी आई खाली बसून कणीक मळत होती. मामा दारातून सरळ स्वयंपाकघरात गेले आणि वाकले. आईचे दोन्ही हात पिठाचे, तिला त्यांना उठवताही येईना. "अरे, काय करतं? चपला तं काढ," ती म्हणाली. मामांच्या पायात चपला तशाच होत्या.

"बाई, चूक झाली माही," मामा म्हणाले. ते रडत होते, मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. "तुहा काही दोष नव्हता. या पोट्टीनं माहं नाव मिटवलं. आज बोलली ते."

आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. हात परातीच्या काठाला पुसले. "मालूम हाये मले," ती म्हणाली.

"काय मालूम हाये?"

"यादी माह्या हातची होती. तुहं नाव पयलं लिवलं होतं म्या. तुह्या घरी पत्रिका पायली तवाच समजलं कोनाचं काम हाये ते."

मामा खाली बसले, तिथंच, फरशीवर. "मंग सांगतलं काहून नाही? नऊ वर्सं, बाई! एक शब्द बोलली असती तं मी तेव्हाच..."

"तेव्हाच तिच्यावर रुसला असता," आई म्हणाली. "माह्यावर रुसला तं माहा भाऊच हाये, कुठी जाते? आज नाही तं उद्या येईन. तिच्यावर रुसला असता तं तिले दुसरा मामा म्या कुठून आनून देला असता?"

ती पुन्हा कणकेला लागली. बाहेर भाऊ गाडी पुसत होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मग मामांनी नाक पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पानी आन वं, पोरी."

सकाळपासून ते माझ्याशी पहिल्यांदाच नीट बोलले होते. मी माठाजवळ गेले, गिलास भरला, आणि तो त्यांच्यापर्यंत नेता येईना इतकी रडत होते, म्हणून आईच उठली आणि तिनं पिठाच्या हातानं तो माझ्याकडून घेतला.